वाळका देठ कापलात, तिथंच चुकलं

शहापूर, बेळगावहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आखडून देते.

"काकू, नमस्कार. पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या नणंदेनं होयाची फांदी दिली होती, मेणासारखी फुलं येतात म्हणाली. तिसऱ्या उन्हाळ्यात एक घोस आला. गुलाबीसर पांढरा, मधे लाल चांदणी. गल्लीतली सगळी बघून गेली. फुलं गळाल्यावर वाळका देठ राहिला होता, तो कापून वेल स्वच्छ केली. त्याला दोन उन्हाळे झाले, एक कळी येईना. पुढच्या खिडकीला पडदे लावले म्हणून वेल मधल्या खोलीत नेली. मोठ्या कुंडीत लावली, शेणखत घातलं, चहाचा चोथा घालते, तुळशीला पाणी घालताना रोज तिलाही तांब्याभर घालते. पानांशिवाय नुसत्या सुतळीसारख्या फांद्या सुटतात, त्या छाटते. आता खालची पानं पिवळी पडाय लागल्यात. सासूबाई म्हणतात, चिकाचं झाड घरात नकोच, परड्यात टाक. काय करू सांगा की. आणि मुलीनं नर्सरीतून बदामाच्या आकाराचं एकच पान असलेली कुंडी आणल्या. तीही होयाच म्हणे. सहा महिने झाले, पान आहे तसंच आहे."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा "देठ कापून" इथं थांबले, दुसऱ्यांदा "रोज तांब्याभर" इथं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन जागी तुम्हीच लिहून पाठवलंय.

आधी देठाचं बोलू. मोगऱ्याचं आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. थंडी सरता सरता छाटायचा, म्हणजे नव्या फुटीवर कळ्या धरतात. गुलाबही छाटला की फुलतो, जास्वंदही. हात त्याच सवयीनं होयाकडे जातो आणि घात होतो. होयाचा घोस ज्या आखूड देठाच्या टोकाला लागतो, तो देठ फुलं गळाल्यावर मरत नाही. बाहेरून वाळल्यासारखा, तपकिरी, गाठाळ दिसतो, पण आत जिवंत असतो. पुढच्या हंगामात त्याच्याच टोकाला नव्या कळ्या येतात. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. मी त्याला खुंटी म्हणते. टोपी अडकवायला भिंतीत ठोकलेली असते तशी. वेलीनं वर्षानुवर्षं फुलं अडकवायला केलेली सोय असते ती. तुम्ही कापला तो वाळका देठ ही तुमच्या वेलीची पहिली आणि एकुलती एक खुंटी होती.

माझ्याकडच्या वेलीवर एक जुनी खुंटी आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब झाल्या, वाकडीतिकडी. घरी आलेली प्रत्येक बाई "हे वाळलंय की हो" म्हणत ती मोडायला हात पुढं करते. शेवटी मी तिला लाल दोरा बांधून ठेवला. लोकांना वाटतं दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय. वाटू दे, हात तरी लावत नाहीत.

आता त्या सुतळ्या. होयाची नवी फूट आधी नुसती लांब सुटते, हात-दीड हात, पानांचा पत्ता नाही. दोडक्याचा तणावा मांडवाला धरायला चाचपडतो तशी ती आधार शोधत असते. आधार मिळाला की सावकाश मागून पानं येतात, आणि पुढच्या खुंट्याही याच लांब फुटींच्या पेरांवर धरतात. म्हणजे जुनी खुंटी तुम्ही कापलीत आणि नव्या जिथं यायच्या त्या जागाही दर महिन्याला छाटत गेलात. वेल तरी काय करणार! बुरुडाकडून बांबूच्या चार कामट्या आणा, वाकवून कुंडीत कमान करा आणि सुतळ्या हलक्या हातानं तिच्याभोवती गुंडाळत जा. टोक मात्र मोकळं ठेवा. फूट खरोखरच काळी पडून सुकली तरच कात्री.

ही वेल मुळात कुठली, हे कळलं की पुढचं सगळं सांगणं सोपं जातं. होया रुईच्या कुळातली. मारुतीला शनिवारी रुईची माळ घालता ना, त्या फुलाकडे एकदा नीट बघा. तोच मेणचटपणा, मधे तोच पाच कंगोऱ्यांचा मुकुट. पान तोडलं की पांढरा चीक येतो तोही तसाच, आणि शेंग उकलली की रेशमी शेपटीचं बी वाऱ्यावर उडतं, तेही तसंच. लहानपणी आपण "म्हातारी आली म्हातारी" म्हणत त्याच्यामागं धावायचो. होया हे नाव रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८१० साली दिलं, थॉमस हॉय या माळ्याच्या आडनावावरून. इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या बागेचा तो प्रमुख माळी होता. राजे-सरदारांची नावं झाडांना पुष्कळ लागलीत, माळ्याचं नाव लागलेलं मला जरा जास्तच आवडतं.

तुमची वर्णनावरून कार्नोसा जातीची दिसते. तिचा मूळ मुलूख दक्षिण चीन, तैवान, जपानचा दक्षिण भाग. पण तिच्या बहिणी आपल्या उशाशी आहेत. खानापूरच्या पलीकडे जांबोटी-कणकुंबीकडचं जे ओलं रान आहे, चोर्ल्याचा घाट आहे, त्या सह्याद्रीच्या पट्ट्यात रानटी होया झाडांच्या फांद्यांवर वाढतात. (हे वाचून कुणी भीमगडच्या रानात फांदी आणायला जाऊ नका. ते अभयारण्य आहे, तिथलं पान तोडणंही गुन्हा आहे.) ती वेल जमिनीत मुळं रोवत नाही. खोडाच्या सालीला, शेवाळाला, फांदीच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्याला धरून राहते. पाऊस पडला की मुळं भिजतात, वारा सुटला की तासा-दोन तासांत कोरडी होतात. पानं जाड, कारण पाणी पानांत साठवलेलं असतं. शिवाय कार्नोसाची पानं निवडुंगासारखी दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, त्यामुळं पाणी फार कमी उडतं. अशा वेलीला तुम्ही मोठ्या कुंडीत, शेणखताच्या मऊ मातीत, रोज तांब्याभर पाणी घालताय. खालची पिवळी पानं म्हणजे मुळं कुजत चालल्याची खूण आहे. तुळशीच्या शेजारी होया ठेवणं म्हणजे उपाशी आणि जेवलेला एका पंगतीत बसवण्यासारखं आहे. वाढणाऱ्याचा हात थांबत नाही.

तर आधी ती कुंडीतून काढा. सवडीनं नको, याच आठवड्यात. हे छापून येईपर्यंत मृग लागलेला असेल, आणि आपल्याकडे एकदा जिटजिट सुरू झाली की मुळं सुकवायला कोरडा दिवस मिळत नाही. माती झटकून मुळं बघा. पांढरी किंवा फिकट, कडक असतील ती चांगली. काळी, बोटानं दाबल्यावर साल निघून येणारी असतील ती स्वच्छ कात्रीनं काढा. वेल दिवसभर सावलीत कागदावर उघडी ठेवा, घाबरू नका, मरत नाही. मुळं फारच गेली असतील तर दोन-तीन पेरांच्या फांद्या कापा. चीक गळेल, तो पाण्यानं धुवा, चार-सहा तास वाळू द्या आणि एक पेर ओल्या काथ्यात पुरा. महिन्या-सव्वा महिन्यात मुळं धरतात. खरं तर वेल वाचो न वाचो, एक फांदी अशी लावून ठेवाच. विमा म्हणा.

कुंडी खानापूरची मातीची घ्या, लहान, पाच-सहा इंची, बुडाला भोक असलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था उगाच खानापुरात नाही, तिथल्या मातीचं आणि कुंभारांचं नाव आहे. न रंगवलेली मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, हेच आपल्याला हवंय. चिनी मातीची चकचकीत कुंडी सोप्यात शोभते खरी, पण होयाला नको. मुळांना थोडी दाटी झाली की ही वेल फुलण्याच्या मनावर येते. ऐसपैस जागा मिळाली तर माती ओली राहते आणि वेल नुसती मुळंच करत बसते.

कुंडीत माती भरू नका. बाजारात होयाचं मिश्रण म्हणून पिशव्या मिळतात, त्यांचा भाव ऐकून मी परत ठेवते. नारळाचं सोडण घ्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी ओतून परत एकदा भिजवा. मीठ आणि लाल रंग निघून जातो. असे दोन भाग. वीटभट्टीवर भाताचा तूस जाळतात, त्यातला काळा राहिलेला तूस मागून आणा, एक भाग. पांढरी राख झालेली नको, ती खारी असते. आणि एक भाग हरभऱ्याएवढे विटेचे तुकडे किंवा लाकडी कोळसा. वरून मूठभर गांडूळखत. झालं. बासमतीच्या मुलखात राहून परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवायला घालतात ते पांढरे, हलके दाणे) विकत आणायची गरज नाही.

पाणी किती, याला वार लावू नका. "सोमवार-गुरुवार" असं मी कुणाला सांगत नाही, कारण एप्रिलमधला गुरुवार आणि जुलैमधला गुरुवार यात जमीन-अस्मानाचं अंतर. वेलीचं एक जुनं, जाड पान हलकेच दुमडून बघा. कडक असेल, मोडेल असं वाटलं तर पोट भरलेलं आहे. मऊ होऊन वाकलं तर पाणी द्या, आणि दिलंत तर बुडातून वाहीपर्यंत द्या. खालच्या बशीत साठलेलं ओतून टाका. कडक उन्हाळ्यात हे चार-पाच दिवसांनी होईल. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी. बोअरचं पाणी असेल तर कुंडीवर पांढरे फराटे उठतात, ते मुळांनाही भावत नाहीत. नळाचं चालेल, पावसाचं सगळ्यात उत्तम. बादलीत धरून ठेवा आणि तेच थोडं थोडं वापरा.

मात्र वेल स्वतः पावसात ठेवू नका. ही चूक मी केल्या म्हणून सांगते. रानातली वेल आहे, भिजू दे मनसोक्त, म्हणून एका आषाढात मी तिला बाहेर कट्ट्यावर टांगली. रानात पाऊस कितीही झाला तरी पाणी फांदीवरून ओघळून जातं. माझी कुंडी मात्र बुडापर्यंत तुडुंब. आठ-आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते तिथं कुंडी काय वाळणार! श्रावणाच्या उन्हात बघायला गेले तर देठापासून खाली सगळं मऊ. ज्या नर्सरीतून आणली होती तिथं विचारलं, तर म्हणाले खत कमी पडलं. मीही भाबडेपणानं खत घातलं, मेलेल्या मुळांना.

खताचं दोन ओळींत. शेणखत आणि चोथा बंद. चोथ्यानं ओल धरते आणि चिलटं होतात. फाल्गुन ते ज्येष्ठ, महिन्यातून एकदा शेणाची पातळ निवळी किंवा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम. नत्र जास्त झालं की पानंच पानं. उसाला युरिया जास्त झाल्यावर काय होतं ते तुमच्या घरात कुणाची शेती असेल तर त्यांना विचारा.

आणि उजेड. ताई, मधल्या खोलीतून तिला बाहेर काढा. शहापुरातली जुनी घरं मला माहीत आहेत, पुढं सोपा, मागं परडं आणि मधल्या खोलीत दुपारीही बल्ब. आपल्या डोळ्यांना पुरतो तेवढा उजेड वेलीला पुरत नाही. पुढच्या खिडकीत असताना फूल आलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. पडदा बाजूला करा किंवा पातळ करा. पूर्वेची खिडकी असेल तर सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन अंगावर आलं तरी चालतं, हवंच असतं. पश्चिमेची असेल तर एप्रिलमधल्या चारच्या उन्हात पानं भाजतात, तिथं पडदा राहू द्या. पानावर किंचित तांबूस झाक आली तर उजेड भरपूर मिळतोय असं समजा. काळपट हिरवी आणि पेरं लांब लांब असतील तर कमी.

हवेच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते चहाला बसल्यावर बोलायचं, पण या वेलीसाठी ते अक्षरशः खरं आहे. कार्नोसाला हिवाळ्यात थोडी थंड, कोरडी विश्रांती मिळाली की उन्हाळ्यात फूल चांगलं धरतं. आपल्याकडे पौषातल्या रात्री पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो, दव पडतं, दिवसा स्वच्छ ऊन. पुण्याच्या नणंदेला जे जमलं ते तुम्हाला इथं आणखी सोपं जायला हवं. मार्गशीर्ष-पौषात पाणी जवळजवळ बंद करा, पान मऊ पडलं तरच द्या. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना एवढंच, तुमच्याकडे उन्हाळी हवा जास्त कोरडी, तेव्हा दुपारी शेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवा.

कीड दोन तऱ्हेची. पानाच्या बगलेत कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, कोवळ्या शेंड्यावर पिवळे ठिपके चिकटलेले दिसले तर मावा. रुईवर असतो तोच हा पिवळा मावा, कुळ एकच ना. जवळ रुईचं झाड असेल तर तिथून येतो. मुंग्या वर-खाली करताना दिसल्या की कीड आहेच समजून शोधा. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत.

आता सासूबाई. चिकाचं झाड घरात नको, हे आमच्या आईचंही मत होतं, आणि त्यामागं शहाणपण आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते, शेर-निवडुंगाचा तर त्याहून वाईट. लहान मुलांच्या घरात म्हणून असा नियम पडला असावा. होयाचा चीक तेवढा जहाल नाही, कुत्र्या-मांजरांनाही ती विषारी नाही. तरी फांदी कापली की हात धुवा, डोळ्याला लावू नका. हे सासूबाईंना नीट सांगा, पण वाद घालू नका. त्यांनी अशुभाचा विषय काढलाच तर हळूच विचारा, नरसोबाच्या वाडीला आपण औदुंबराला प्रदक्षिणा घालतो, त्याला चीक नसतो होय? आमच्याकडे हा प्रश्न चालला. आई म्हणाली, "तो देव आहे, ही काय देव आहे?" पण कुंडी परड्यात गेली नाही.

मुलीच्या बदामी पानाबद्दल वाईट बातमी. ती होया केर्री. खूप गोड दिसते, फेब्रुवारीत लाल रिबिनी लावून विकतात. तिची वेल होते, मोठी होते, पण त्यासाठी पानाच्या देठाशी खोडाचं पेर लागतं. नुसतं पान खोवलेलं असेल तर त्याला मुळं येतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं आणि दुसरं पान कधीच देत नाही. डोळा नसलेल्या उसाच्या कांडीसारखं. पान मातीतून थोडं वर काढून देठाशी पेर आहे का बघा. नसेल तर मुलीला खरं सांगा. टेबलावर ठेवायला छान आहे, पंधरवड्यातून एकदा चमचाभर पाणी, वाट बघू नका. पुढच्या वेळी दोन पानं आणि मधे खोड दिसेल तेच रोप घ्यायला सांगा.

तुमच्या कार्नोसाची मात्र वाट बघा. या पावसाळ्यात ती काही करणार नाही, मुळं सावरेल एवढंच. दिवाळीनंतर सुतळ्या सुटतील, त्या कमानीला गुंडाळा. मुळं शाबूत निघाली तर पुढच्या उन्हाळ्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या, पानाच्या बगलेत मोहरीएवढ्या दाण्यांचा झुबका घेऊन नवी खुंटी दिसेल. त्या दिवसापासून कुंडी जागची हलवू नका, फिरवू नका, कुणाला दाखवायला दारात नेऊ नका. कळ्या असताना उजेडाची दिशा बदलली किंवा मुळं अगदी कोरडी पडली की सगळा झुबका गळतो.

फुलं उमलली की सासूबाईंना रात्री जेवणं झाल्यावर खिडकीशी बसवा. या फुलाचा वास दिवसा फारसा लागत नाही, दिवे लागल्यावर सुटतो आणि दहाच्या सुमारास सोपा भरून टाकतो. खाली मात्र जुना पेपर अंथरा. फुलांतून मध टिपकतो, आणि सकाळी फरशीवर मुंग्यांची रांग लागलेली असते.